खिडकीपर्यंतचं घर

उज्वलाच्या सासरचं नवं घर सात महिने खिडकीपर्यंतच उभं होतं. त्याच्या वर ते एक वीटभर सरकेल तर शपथ! मुरुडपासून तीन किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला त्यांच्याच रानात, चारी बाजूंनी कंबरेएवढ्या भिंती, आत माजलेलं गाजरगवत, अन् त्यात निवांत रवंथ करत बसलेली शेजाऱ्याची म्हैस. जाणारा-येणारा गाडी हळू करून विचारायचा, "काय हणमंतराव, म्हशीला बंगला बांधून राहिले का?"

हणमंतराव म्हणजे उज्वलाचे सासरे. ते बिचारे हसण्यावारी न्यायचे. सासूबाई, तुळजाबाई, हसण्यावारी नेणाऱ्यांतल्या नव्हत्या. विचारणाऱ्याला त्या काही बोलायच्या नाहीत. तडक घरात, म्हणजे पत्र्याच्या शेडात, यायच्या अन् सुनेला म्हणायच्या, "तुझ्या माहेरचा गवंडी!"

बस्स, एवढंच. पण हे एवढंच सकाळी चहाच्या वेळी, दुपारी जेवताना अन् दिवेलागणीला ऐकलं की माणसाचं काय होतं ते ज्याचं त्याला कळतं. अन् खोटं तरी कसं म्हणायचं? माणिकप्पा मिस्त्री खरंच उज्वलाच्या माहेरचा होता, देगलूरकडचा, तिच्याच गल्लीतला. लहानपणापासून ती त्याला मामा म्हणायची. घर बांधायचं ठरलं तेव्हा तिनंच छाती ठोकून सांगितलं होतं, "माणिकप्पा मामासारखा हात दोन जिल्ह्यांत न्हाई." मामा आला, पंधरा दिवसांत जोत्यावरून खिडकीपर्यंत भिंती आणल्या, अन् त्याही अशा सरळ की हणमंतराव रोज संध्याकाळी एक डोळा मिटून नुसते बघत बसायचे. मग एका शनिवारी "सोमवारी येतो" म्हणून मामा जो गेला तो गेलाच. फोन लावला की "हाव हाव, निघालोच" म्हणायचा. पुढंपुढं तेही बंद झालं.

तुम्ही म्हणाल, मग दुसरा गवंडी आणायचा. आणून बघा की! या भागात एकानं हात घातलेल्या भिंतीला दुसरा गवंडी थापी लावत नाही. पहिल्यानं स्वतः येऊन आपली दोरी सोडायची, "घे बाबा, तुझं काम" म्हणायचं, तेव्हाच दुसरा वीट उचलणार. उद्या भिंतीला तडा गेला तर जिम्मेदारी कुणाची, हा त्यामागचा हिशोब. मुरुडातले तीन गवंडी येऊन गेले. तिघांनी भिंत बघितली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ताणलेली माणिकप्पाची दोरी बघितली, चहा पिला, अन् "त्याला बोलवा" म्हणून वाटेला लागले.

नुसतं घर अडलं असतं तर अडलं असतं. पण नणंदेचं, सृष्टीचं, लग्न वैशाखात धरलं होतं. पोराकडचे भले लोक, लातुरात कार्यालयात करू म्हणत होते. तुळजाबाईंनी मात्र एकच धरून ठेवलं होतं. पोरीची पाठवणी स्वतःच्या घराच्या दारातून करीन, पत्र्याच्या शेडातून न्हाई. घर झालं नाही तर लग्न पुढं ढकला, असं त्या व्याह्यांना सांगायला निघाल्या होत्या. सृष्टी रडून बेजार. अन् सगळ्याचं मूळ कोण? माहेरचा गवंडी, म्हणजे पर्यायानं उज्वला.

अशात तिला मुरुडच्या स्टँडवर एक कागद चिकटवलेला दिसला. लातूरला एमआयडीसीच्या बाजूला बांधकाम कारागिरांचं प्रशिक्षण केंद्र, गवंडीकाम, तीन महिने, महिलांची तुकडी, फी माफ. उज्वला बारावी झालेली. तिनं त्याच दिवशी नाव घातलं अन् संध्याकाळी शेडात येऊन सांगितलं.

"आता सुनेनं थापी धरायची का?" तुळजाबाई म्हणाल्या.

"मग काय म्हशीनं धरायची का?" उज्वलाच्या तोंडून निघून गेलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासूला उलट बोलायची ही पहिलीच वेळ. सुदर्शन, तिचा नवरा, ताटातली भाकरी फारच लक्ष देऊन बघायला लागला. हणमंतराव खोकले. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र डब्याला भाकरी तुळजाबाईंनीच थापल्या. त्यावरून उज्वलानं काय समजायचं ते समजून घेतलं.

केंद्रातली रीत मोठी गमतीची. सकाळी भिंत बांधायची, दुपारी सरांनी मापायची, संध्याकाळी आपल्याच हातानं पाडायची. सिमेंट नाही, नुसता मातीचा गारा, म्हणजे विटा दुसऱ्या दिवशी परत कामाला येतात. पहिल्या आठवड्यात उज्वलाची भिंत पाडावीच लागली नाही, आपली आपणच पडली. राजशेखर सर शांत माणूस. म्हणाले, "बरं झालं, वेळ वाचला." पण महिना उलटला तशी तिच्या हाताला गाऱ्याची ओळख झाली. किती घ्यायचा, किती पसरायचा, वीट कुठं दाबायची, कुठं नुसती टेकवायची, हे डोक्यापेक्षा मनगटाला आधी कळायला लागलं. ओळंबा सोडला की तिची भिंत दोरीला चिकटून उभी राहायची. अशा वेळी तिला वाटायचं, आत्ता सासूबाईंनी बघावं.

सराव संपत आला, परीक्षेला बारा दिवस उरले, अन् राजशेखर सरांनी सांगितलं की उद्यापासून जुन्या कारागिरांची तुकडी येणार. वीस-तीस वर्षं काम केलेले, पण हातात सर्टिफिकेट नसलेले. हल्ली मोठ्या कामांवर त्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. एक नवीन शिकणारी अन् एक जुना कारागीर अशा जोड्या होतील, परीक्षेची भिंत जोडीनं बांधायची, अन् गुणही जोडीला मिळतील. एक नापास तर दोघं नापास.

दुसऱ्या दिवशी सर नावं वाचत होते. "उज्वला हणमंतराव... नाही, उज्वला सुदर्शन. तुमच्या जोडीला, माणिकप्पा."

सिमेंटच्या गोण्यांच्या थप्पीमागून एक पिवळं हेल्मेट हळूच वर आलं, अन् उज्वलाला बघून तसंच खाली गेलं.

"मामा!" उज्वला एवढ्यानं ओरडली की गारा कालवणाऱ्या बायांचे हात थांबले. "बाहेर या! सोमवार झाला का न्हाई अजून?"

माणिकप्पा बाहेर आला. पन्नाशीचा माणूस, मिशा पिकलेल्या, अंगावर केंद्राचं नारिंगी जाकीट. चोरी करताना सापडलेल्या पोराचं तोंड असतं तसं तोंड करून म्हणाला, "पोरी, तब्येत बरी हाय न्हवं?"

"माझी तब्येत सोडा. घरात म्हैस बसून राहिली, म्हैस!"

गंमत बघा. सात महिने जो माणूस कुणाच्या हाती लागला नाही, तो आता रोज नऊ ते पाच तिच्यासमोर. पळायची सोय नव्हती, कारण सकाळी एकदा अन् संध्याकाळी एकदा हजेरीच्या मशीनसमोर उभं राहून चेहरा दाखवावा लागायचा, एक जरी खाडा पडला तर परीक्षेला बसता येत नव्हतं. उज्वलानं याचा पुरेपूर फायदा घेतला. वीट देताना एक टोमणा, गारा देताना दुसरा. मामा मान खाली घालून ऐकायचा अन् बांधायचा. अन् बांधायचा कसा! विटेला तो हात लावायचा अन् ती जागेवर जाऊन बसायची. चिडलेली असूनही उज्वला त्याच्याकडून कोपरा साधायची युक्ती शिकली. राग अन् शिकणं, दोन्ही एकदम चाललं होतं.

"घरी कधी येता ते सांगा," ती विचारायची.

"येतो की. परीक्षा झाली की सोमवारी."

सोमवार म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एक गोष्ट तिला खटकत होती. सरांनी फळ्यावर नकाशा लावला की मामाला हमखास बिडी आठवायची, नाहीतर पोटात कळ यायची. परत यायचा तो नकाशा काढून ठेवल्यावर. उज्वलानं मनाशी ठरवून टाकलं, कामचुकार आहे, दुसरं काय?

परीक्षेच्या दिवशी नांदेडहून सौदामिनी म्याडम आल्या, हातात फळी अन् चिमटा लावलेले कागद. प्रत्येक जोडीला एक नकाशा मिळाला. इंग्रजी एल अक्षरासारखा भिंतीचा कोपरा, खिडकीच्या उंचीपर्यंत वीटकाम, अन् त्यावर सळयांचा पट्टा बांधून दाखवायचा. भूकंपात भिंती फाकू नयेत म्हणून घराला खिडकीखालून चौफेर काँक्रीटचा पट्टा फिरवतात, त्यातल्या सळया. काँक्रीट ओतायचं नव्हतं. वेळ चार तास.

दीड तासात मामानं भिंत खिडकीपर्यंत आणली. उज्वला दुसऱ्या टोकानं येत होती, तिचंही बरोबर जुळलं. म्याडमनी ओळंबा लावला, काही न बोलता कागदावर खूण केली अन् पुढच्या जोडीकडे गेल्या. उज्वलाचा जीव भांड्यात पडला. तिनं नकाशा उघडला, विटेखाली दाबला अन् मागं वळून बघितलं, तर मामा बादलीत थापी धूत होता.

थापी धुणं म्हणजे गवंड्याचं काम संपणं.

"मामा?"

"आत्ता आलो," म्हणाला, अन् थापी पिशवीत घालून गेटकडे चालायला लागला.

उज्वलानं नकाशा तसाच सोडला. मग ती धावली. पाण्याच्या टाकीपाशी तिनं त्याची पिशवीच धरली.

"आता इथंबी? आमचं घर खिडकीवर सोडलं, आता परीक्षाबी खिडकीवर सोडून चालले? तुम्ही गेले तर मीबी नापास. तीन महिने झाले, हाताची सालं निघाली माझ्या! तिकडं रोज तुमच्या नावानं ऐकून घेते. माहेरचा गवंडी, माहेरचा गवंडी. तुमच्यासाठी मी शब्द टाकला होता, मामा. तुम्हाला काहीच कसं वाटत न्हाई?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं होतं, पण पाणी ते पाणीच. माणिकप्पा टाकीच्या कट्ट्यावर बसला. हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं.

"वाटतं म्हनून तर पळून राहिलो," तो म्हणाला. "मला कागद वाचता येत न्हाई, उज्जू."

"कागद?"

"त्यो नकाशा. मला अक्षरच येत न्हाई, तर त्यातलं इंग्रजी अन् आकडे कुठून येणार? भिंत मला न सांगता येती. पण पट्टा आला की मी खलास. किती सळई, कोनती, कितीच्या अंतरानं, कोपऱ्यात कशी वळवायची, सगळं त्या कागदावर. मोठ्या कामावर साहेब उभा राहून सांगायचा, आपन बांधायचं. लहान घराला कुनी कागद देतच नव्हतं. आता ज्याला त्याला इंजिनेर कागद देऊन राहिला."

उज्वलानं पिशवी सोडली. "मग तुम्ही धरलेली बाकीची घरं?"

"अहमदपूरला एक, मुरुडात दोन, उदगीरला एक," मामानं बोटांवर मोजलं. "सगळी खिडकीपर्यंत."

खरं सांगायचं तर तिला हसू आलं. तिचं धरून पाच घरं, पाचही कंबरेएवढी, अन् लोक म्हणतात माणिकप्पा बेइमान! हसू दाबून तिनं विचारलं, "मग पट्टा सोडून वर चढवायचं होतं. कुनाला कळलं असतं?"

माणिकप्पा चिडला. बारा दिवसांत पहिल्यांदा. "मला कळलं असतं की! त्र्यान्नवला मी अठरा वर्सांचा होतो. किल्लारीकडं आठ दिवस ढिगारे उपसले या हातांनी. भिंतीखालून काय काय निघालं ते मी तुला सांगनार न्हाई. पट्टा टाकल्याबिगर मला वर चढवता येत न्हाई, अन् पट्टा टाकता येत न्हाई. मग मानसानं करावं काय?"

"विचारावं!" उज्वला म्हणाली. "मला विचारायचं होतं. मी वाचून दाखवलं असतं."

"तू? तू माझ्या कडेवर वाढलेली पोरगी. तुझ्या सासरी जाऊन तुझ्या सासूपुढं सांगू का, मला वाचता येत न्हाई म्हनून? अन् तू सांगून ठेवलं, दोन जिल्ह्यांत असा हात न्हाई." तो उठला. "कुनाला सांगू नको. माझी इज्जत ठेव एवढी."

उज्वलाचा सात महिन्यांचा राग तिथंच विरघळला. सगळा नाही, पण बराच. तिनं पिशवीतून थापी काढली अन् त्याच्या हातात दिली.

"न्हाई सांगत. चला, वेळ चालला."

भिंतीपाशी येऊन तिनं नकाशा हातात घेतला. "हे बगा, दहा मिलिमीटरच्या दोन सळया."

"मिलिमीटर मला कळत न्हाई."

उज्वलानं जरा विचार केला. साइटवर सगळे सुतात बोलतात, एका इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत. "तीन सुती. तीन सुती सळई, दोन नग. त्यांना धरणाऱ्या रिंगा दोन सुती, दर अर्ध्या फुटाला एक."

"अस्सं सांग की मग!" मामाचं तोंड उजळलं. "अन् कोपऱ्यात?"

"कोपऱ्यात तोडायची न्हाई. वळवून पलीकडच्या भिंतीत दीड फूट न्यायची."

"ते तर पायजेच. न्हाई तर कोपरा उघडतो."

त्यानं सळई वाकवली. ती सांगत गेली, तो बांधत गेला, अन् जिथं तिचा हात कमी पडला तिथं त्यानं सांगितलं, तिनं बांधलं. चार तासांना पाच मिनिटं कमी असताना शेवटची तार पिळली. सौदामिनी म्याडमनी टेप लावला, रिंगा मोजल्या, कोपरा दोनदा बघितला. "जोडी चांगली आहे," म्हणाल्या अन् सही केली. पास!

त्या दिवशी उज्वलानं सोमवारची वाट बघितली नाही. मामाला तसाच, नारिंगी जाकिटासकट, मुरुडच्या बसमध्ये बसवला. खिडकीकडे तो अन् बाहेरच्या बाजूला ती, म्हणजे उतरून पळायला नको.

रानात पोचले तेव्हा तुळजाबाई भिंतीच्या माथ्यावर गोवऱ्या थापत होत्या. नवीन घराच्या भिंतीवर! एवढी सरळ भिंत पंचक्रोशीत दुसरी नव्हती म्हणून. माणिकप्पाला बघून त्या सावकाश वळल्या, हात धुतले, पदर खोचला. हणमंतराव खोकत गोठ्याकडे निघाले. सृष्टी शेडाच्या दारात येऊन उभी राहिली.

"या," तुळजाबाई म्हणाल्या. "या, इवाई. म्हशीला भेटायला आले का?"

"राम राम, इहीनबाई."

"राम राम मागून. आधी एक सांगा. सात महिने कामून पळाले? आमी जेवायला कमी घातलं का तुम्हाला? का आमी बोललो काही? माझ्या लेकीचं लग्न अडून राहिलं. सबब ऐकल्याबिगर मी पाण्याचा तांब्या देनार न्हाई."

माणिकप्पानं जाकिटाची चेन धरली. तुळजाबाईंनी सुनेकडे बघितलं. "तू सांग. तुझ्या माहेरचा हाय."

उज्वलाच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोललं असतं तर सात महिन्यांचे टोमणे एका फटक्यात फिटले असते. पण तिनं शब्द दिला होता. "त्यांच्या घरी अडचण होती, आत्या," ती म्हणाली. "माझंच चुकलं. मी आधी नीट चौकशी करायला पायजे होती."

"हाव, तुझंच चुकलं!" तुळजाबाई कडाडल्या. "तुझ्याच शब्दावर..."

"तिचं काही चुकलं न्हाई."

माणिकप्पा बोलला होता. जाकिटाची चेन तो वर-खाली करत होता, अन् मान वर नव्हती. "तिला बोलू नका, इहीनबाई. मला वाचता येत न्हाई. तुमच्या घराचा जो कागद हाय, इंजिनेरचा, त्यो मला कळंना. विचारायची लाज वाटली. म्हनून पळालो. बस, एवढंच हाय."

म्हशीनं शेपटी आपटली. उज्वलाला वाटलं, आता सासूबाई काय बोलतील कोण जाणे. तिनं मामाच्या बाजूला जाऊन उभं राहायचं ठरवलं अन् जाऊन उभीही राहिली.

तुळजाबाईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग त्या शेडात गेल्या अन् प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नकाशा घेऊन आल्या. तो त्यांनी देवाजवळ ठेवला होता, कुंकवाचा डाग अजून कोपऱ्यावर होता.

"सात महिने," त्या म्हणाल्या, "मी ह्याला रोज उघडून बगते. उलटा धरला का सुलटा तेबी कळत न्हाई. मालकाला विचारावं तर म्हनतील, एवढंबी येत न्हाई का तुला? लेकाला विचारावं तर हसंल." त्या खाकरल्या. "मलाबी कुठं येतं हो वाचता, इवाई?"

त्यांनी नकाशा उज्वलाच्या हातात दिला, भिंतीवरच्या ओल्या गोवऱ्या दोन्ही हातांनी बाजूला सारल्या अन् त्या मोकळ्या जागेवर बसल्या. शेजारची जागा त्यांनी पदरानं झाडून माणिकप्पाला दाखवली.

"वाच गं, उज्वला," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून वाच. अन् मोठ्यानं वाच, आमा दोघांनाबी ऐकू दे."